अक्कलकोटपर्यंत

कोनापुऱ्यांच्या घरात दोन गोष्टींवर तोंड उघडायचं नाही, असा न लिहिलेला नियम होता. एक म्हणजे थोरल्या सुनेच्या, धनलक्ष्मीच्या शेंगाचटणीत मीठ जास्त पडतं. दुसरी म्हणजे आण्णांचं रेडिओ केंद्र खरोखर किती लांब ऐकू जायचं. पहिलीवर निदान धनलक्ष्मीच्या माघारी कुजबुजता यायचं. दुसरीला तेवढीही मुभा नव्हती. केंद्र अक्कलकोटपर्यंत ऐकू जायचं, विषय संपला. घरात पोर जन्मलं की कोनापुरे आधी त्याला इष्टलिंग बांधत, आणि कळतं झालं की हे सांगत.

त्यामुळं आण्णांच्या शंभराव्या जयंतीला सोलापूरच्या साखर पेठेतल्या गोदामात सकाळपासून जो घोळ चालला होता, त्याचं मूळ दुसरीकडं कुठं शोधायला जायची गरज नव्हती.

गोदाम म्हणजे एके काळचा आण्णांचा मागांचा कारखाना. माग कधीच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले, तिथं आता त्यांचा थोरला मुलगा गुरुराज टॉवेल काढतो. इथं खाली चादरींचे गठ्ठे, आणि वर जिना चढून गेलं की ती खोली, जिच्या भिंतींना आण्णांनी गोणपाट ठोकलं होतं, खालच्या मागांची खटखट आत येऊ नये म्हणून. आण्णा, म्हणजे सिद्धप्पा कोनापुरे, या माणसाला सूत आणि वीज या दोनच गोष्टींचं वेड. हैदराबादच्या भंगार बाजारातून त्यांनी लष्कराचा एक मोडका सेट आणला, दोन वर्षं खटपट केली, आणि एका सकाळी मिडियम वेव्हवर बोलले, ‘शरणु शरणार्थी. हे सोन्नलगी केंद्र.’ सोन्नलगी हे सोलापूरचं जुनं नाव. पुढं दहा-एक वर्षं हे चाललं. सकाळी वचनं, मग सुताचे भाव, वीज कधी जाणार, कुणाची शेळी हरवली, कुणाची छत्री सापडली, आणि उरलेल्या वेळात तबकड्या. परवाना? परवान्याचं नाव काढलं की गुरुराज म्हणायचा, कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या साहेबानं मान हलवली होती. मान कुठल्या दिशेनं हलवली होती, हे कुणी विचारत नसे.

आज गुरुराजच्या लेकीला, अक्षताला, खोलीच्या दारावर लावायच्या फलकासाठी चार ओळींचा इतिहास हवा होता. ती इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तिला सगळं नेमकं लागतं. आणि नेमकं काही मिळेना. गुरुराज म्हणाला केंद्र पासष्टला लागलं. धनलक्ष्मी म्हणाली, सासरे तर दुष्काळाच्या वर्षी म्हणायचे, तो बहात्तरचा. ईरम्मा आत्या, आण्णांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, तिनं हुग्गीच्या खिरीसाठी गूळ फोडता फोडता सांगितलं की तिचं लग्न होऊन ती अक्कलकोटला गेली त्याच्या चौथ्या वर्षी. आणि लग्न कधी झालं ते तिला आठवत नव्हतं. बंद का पडलं यावर तर प्रत्येकाचं वेगळं. पोलीस आले, म्हणे. व्हॉल्व उडाला, म्हणे. आण्णांचं मन उडालं, म्हणे. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं.

“अक्कलकोटपर्यंत जायचं, हे आधी लिही,” गुरुराज म्हणाला. “बाकीचं मागाहून बघू.”

गुरुराजचा धाकटा भाऊ महेश्वर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून हे ऐकत होता. त्याच्या खिशात कार्यक्रमाची पत्रिका होती. आठ दिवसांपूर्वी ती सात रस्त्यावरच्या त्याच्या औषधाच्या दुकानात आली, तेव्हा त्यानं गिऱ्हाईकाला तापाच्या गोळ्यांऐवजी जुलाबाच्या दिल्या होत्या. बिचारा परत आला म्हणून निभावलं. पत्रिकेत आण्णांच्या फोटोखाली छापलं होतं, ‘सोन्नलगी केंद्राने कोनापुरे परिवाराला दिलेला पुत्र, श्री. महेश्वर, यांचे मनोगत.’

त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, असंच सगळ्यांना वाटलं असणार. घरातली ती सगळ्यात लाडकी गोष्ट होती. चुलत-मावस सगळ्या पोरांनी ती त्याच्याच मांडीवर बसून ऐकली होती.

गोष्ट अशी. चौऱ्याहत्तर सालचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. यात्रेच्या शेवटच्या रात्री दारूकाम बघून माणसं पांगली आणि होम मैदानाच्या कडेला आण्णांना चार वर्षांचं एक पोर सापडलं. निळा सदरा, कमरेला काळा करदोटा. नाव विचारलं तर ‘बाबू’, आणि रडताना ‘अम्मा’. आता अम्मा म्हणणारं पोर कानडीही असेल, तेलुगूही असेल; सोलापुरात त्यावरून घर सापडत नाही. यात्रेतल्या भोंग्यावर सांगा, असं कुणीतरी म्हणालं. पोलीस चौकीत द्या, असंही म्हणालं. आण्णा हसले. म्हणाले, भोंगा मैदानापुरता. माझं केंद्र अख्ख्या तालुक्याला सांगेल. पोर खांद्यावर टाकून घरी आणलं. दुसऱ्या दिवसापासून ईरम्मानं सकाळ-दुपार-संध्याकाळ मराठीत आणि कानडीत पुकारा केला. ती तोवर विधवा होऊन माहेरी आलेली, केंद्राचा आवाज तीच होती. आठवडा गेला. कुणी आलं नाही. मग आण्णा चौकीत जाऊन वर्दी देऊन आले, तोवर यात्रेतली माणसं आपापल्या गावी पोचून कामाला लागलेली. पुढं कुणीच आलं नाही. सिद्धेश्वरानं दिलंय म्हणून आण्णांनी पोराला पदरात घेतलं, गुरुराजच्या पाठचा भाऊ म्हणून वाढवलं, आणि खरंच सांगायचं तर गुरुराजपेक्षा दोन घास जास्तच भरवले.

‘अक्कलकोटपर्यंत ऐकलं सगळ्यांनी, पण आमचं नशीब थोर, कुणी आलं नाही.’ असा त्या गोष्टीचा शेवट असे. सांगणारा त्याला जवळ घेई, ऐकणारे डोळे पुसत.

महेश्वरही ऐके. पण त्याला त्यातलं एकच वाक्य ऐकू येई. सगळ्यांनी ऐकलं. दहा वर्षांचा असताना त्यानं मनाशी एक बाई तयार केली. तिला चेहरा नव्हता. कुठल्याशा घरात ती भाकरी थापत बसलेली असे, फळीवर रेडिओ असे, त्यातून ईरम्मा आत्या सांगत असे, निळा सदरा, काळा करदोटा. बाई पिठाचे हात पुसत उठे, रेडिओपाशी जाई, आणि बटण फिरवून बंद करी. मग परत भाकरी थापायला बसे. पंचेचाळीस वर्षं ती बाई हे करत होती. लग्नाच्या रात्री केलं, पोरीच्या बारशाला केलं, आण्णांना माती दिली त्या दुपारीही केलं. तो गड्ड्याला कधी गेला नाही. दुकानाची गर्दी असते म्हणून सांगे. बायकोला, राजेश्वरीला, एकदाच खरं सांगितलं होतं, आणि तिनं परत तो विषय काढला नव्हता.

आत्ता ती जिन्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, नको असेल तर नाही म्हणा. तो म्हणाला, दादाला काय सांगू? पाहुण्यांसमोर गुरुराजचं मन मोडणं म्हणजे आण्णांचंच मोडणं, असं त्या घरात चालायचं. आणि शिवाय, ज्यांनी कणभरही वेगळं धरलं नाही, त्यांना तुमची लाडकी गोष्ट मला टोचते हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

साडेदहाला स्वामीजी यायचे होते, त्यांचा निरोप आला की बाराशिवाय जमत नाही. मोकळा वेळ मिळाल्याबरोबर गुरुराजला हुक्की आली. अक्षतानं दोन महिने खपून आण्णांचा सेट जिवंत केला होता. बेत असा होता की स्वामीजींच्या हस्ते नुसता दिवा पेटवायचा, कारण परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, हे अक्षतानं बापाला चार वेळा बजावलं होतं. पण गुरुराजनं हट्टच धरला. पाच मिनिटं. अक्कलकोटला आत्याच्या दिराचा मुलगा प्रभुलिंग आहे, त्याला फोन करून ठेवतो. त्यानं रेडिओ लावला आणि ‘ऐकू येतंय’ म्हणाला, की कार्यक्रमात हाच फोन सगळ्यांना ऐकवायचा. सोन्यासारखी गोष्ट होईल.

सगळं लटांबर वर गेलं. गोणपाटाच्या खोलीत आत्याला खुर्चीवर बसवलं, पुढं तो जुना माइक. अक्षतानं खटके टाकले, काचेच्या नळीत नारिंगी उजेड धरला, आणि धनलक्ष्मीनं नकळत हात जोडले. आत्या बोलली, “शरणु शरणार्थी. हे सोन्नलगी केंद्र.” म्हातारीचा आवाज एरवी फाटका, माइकपुढं तो सरळ उभा राहिला. कोपऱ्यात ठेवलेल्या ट्रान्झिस्टरमधून तोच आवाज खणखणीत आला, आणि गुरुराजनं डोळ्यांना रुमाल लावला.

फोनवर प्रभुलिंग म्हणाला, नुसती सरसर आहे.

काटा हळू फिरव म्हणून सांगितलं. फिरवला. सरसर. गच्चीवर जा म्हणून सांगितलं. तो गेला, तिथंही सरसर, वर कुणाच्या तरी कबुतरांचा आवाज. मग खोलीत कारणांचा नुसता पाऊस सुरू झाला. तेव्हा एवढे बंगले होते का मध्ये? तेव्हा मोबाईलचे टॉवर होते का? घरोघर हे एलईडीचे दिवे, त्यांचाच त्रास होतो, हे तर अक्षतानंही मान्य केलं. धनलक्ष्मी म्हणाली, हवाच बदलली आहे.

“पप्पा, तार तीच आहे, उंची तीच आहे,” अक्षता म्हणाली. “सेटची सगळी ताकद देवघरातल्या झिरोच्या बल्बाएवढी. चाळीस किलोमीटरवरचं अक्कलकोट तर लांबच राहिलं. मला तर पेठेच्या बाहेरचीसुद्धा खात्री नाही.”

“त्या ताकदीवर आण्णा तालुक्याशी बोलत होते,” गुरुराज म्हणाला. “तुला दोन महिन्यांत जमलं नाही म्हणून ते खोटं होत नाही.”

अक्षताचं तोंड एवढंसं झालं. बाप-लेकीत धनलक्ष्मी पडली, पण नेहमीप्रमाणं नवऱ्याच्या बाजूनं नाही, लेकीच्या. आणि राजेश्वरी, जी थोरल्या दिराच्या विरुद्ध कधी जात नसे, तीही म्हणाली की पोरगी म्हणते ते एकदा बघायला काय हरकत आहे. गुरुराज एकटा पडला. त्यानं आधारासाठी धाकट्याकडं बघितलं.

पेठेच्या बाहेरची खात्री नाही, हे चार शब्द महेश्वरच्या डोक्यात कुठंतरी अडकले होते, पण ते कशाला लागतात ते कळत नव्हतं. भाताच्या घासात खडा लागावा तसं झालं होतं. त्यानं कोपऱ्यातला ट्रान्झिस्टर उचलला.

“आत्या, तू बोलत राहा,” तो म्हणाला. “मी चालत जाऊन बघतो.”

“काय बोलू रे?”

“काहीही. तेव्हा बोलायचीस ते.”

तो जिना उतरला, गठ्ठ्यांमधून वाट काढत रस्त्यावर आला. कानाशी ट्रान्झिस्टर धरून चाललेला नव्या सदऱ्यातला माणूस बघून सलूनवाला हसला. आवाज छान येत होता. आत्या सुताचे भाव सांगत होती, कुठल्या जमान्यातले देव जाणे. बांगड्यांचं दुकान गेलं, चहाची टपरी गेली. आवाज थोडा बारीक झाला, पण होता. मग आत्या म्हणाली, “एक मुलगा सापडला आहे.”

महेश्वरचे पाय थांबले नाहीत, त्याला कळलंच नाही थांबायचं ते.

“वय अंदाजे चार वर्षे. रंग गव्हाळ. अंगात निळा सदरा, कमरेला काळा करदोटा. नाव बाबू सांगतो.”

हा पुकारा त्याला आठवत नव्हता. आठवणार कसा? तेव्हा तो तिच्याच मांडीवर बसलेला असे, पण चार वर्षांच्या पोराच्या ध्यानात काय राहणार. गोष्टीत सगळे सांगत की पुकारा केला. पुकारा असा होता, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला एकेक शब्द पाठ होता.

पिठाची गिरणी आली तशी सरसर वाढली. गिरणी चालू होती, पट्टा फडफडत होता. मोटारीनं आवाज बिघडतो, असं गुरुराज नक्की म्हणेल, हे त्याच्या मनात आलं. म्हणून तो गिरणीवाल्या जोतिरामला म्हणाला, जरा बंद करता का, दोन मिनिटं. जोतिरामनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि काही न विचारता खटका ओढला. दळणाला आलेल्या बायका बघत राहिल्या. त्या शांततेत आत्याचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा आला. “मगु सुखवागिदे. बंदु कर्कोंड होग्री.” मूल सुखरूप आहे. येऊन घेऊन जा.

तो पुढं गेला. गिरणीची पायरी संपली आणि आवाज गेला.

परत मागं आला, आवाज आला. पुढं गेला, गेला. ट्रान्झिस्टर उंच धरला, आडवा धरला, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. गिरणीच्या पायरीला जणू कुणी भिंत घातली होती. समोर रस्ता सरळ चौकाकडं जात होता, आणि चौकाच्या पलीकडं किती पेठा, किती गल्ल्या. होम मैदान तर कुठल्या कुठं. तो त्या रस्त्याकडं बघत उभा राहिला. दळणाच्या बायकांतली एक म्हणाली, भाऊ, बरं वाटत नाही का, बसा.

तो बसला. फळीवर रेडिओ, भाकरी थापणारी बाई, पिठाचे हात. त्यानं तिला सवयीनं समोर आणलं आणि ती उठेना. रेडिओतून काही येतच नव्हतं, ती उठणार कशाला? ती तिथंच बसून होती. का होती, कुठं होती, तिच्या घरात रेडिओ तरी होता का, काही म्हणजे काही कळेना. त्याला आनंद व्हायला हवा होता बहुतेक. पण एवढी वर्षं जिच्यावर राग धरला ती हातातून सुटून चालली, आणि तिच्या जागी कोण येतंय ते दिसत नव्हतं.

तो परत आला तेव्हा खोलीत गुरुराज, आत्या आणि अक्षता एवढेच होते. स्वामीजी वाटेत असल्याचा फोन आला म्हणून बाकीचे खाली धावले होते. अक्षतानं सेट बंद केला होता. महेश्वरनं सांगितलं, गिरणीपर्यंत.

गुरुराज म्हणाला, आज. आज गिरणीपर्यंत. तेव्हाची गोष्ट वेगळी. आणि तो परत बंगल्यांवर आणि एलईडीवर आला. त्याचंही खोटं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीची हवा कोण आणून दाखवणार? महेश्वर गोंधळला. एका क्षणी वाटे, दादाचं बरोबर. मग ती बाई लगेच उठून बटणाकडं निघे. दुसऱ्या क्षणी अक्षताचा झिरोचा बल्ब आठवे, आणि ती खाली बसे. मग तो आत्याच्या खुर्चीपुढं फरशीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा.

“आत्या. तू अक्कलकोटला होतीस ना, केंद्र लागलं तेव्हा?”

“व्हय की.”

“तुला ऐकू यायचं?”

म्हातारीनं गुरुराजकडं बघितलं. मग भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडं. तिची बोटं पदराच्या काठावर फिरत राहिली.

“खरं सांग,” महेश्वर म्हणाला. “मला त्यावरून काही ठरवायचं आहे.”

“न्हाय रे,” ईरम्मा म्हणाली. “कुटलं यायला. आण्णा सांगून गेलता, अमक्या दिवशी तुझ्यासाठी बोलतो म्हणून. शेजारनीचा रेडिओ मागून आणला, सासूच्या शिव्या खाल्ल्या, आनि बसले. नुसती सरसर. दुसऱ्या दिवशी हा बाबा पैल्या गाडीनं हजर. धापा टाकत इचारतो, तंगी, धाकटे, ऐकलंस? त्याचं त्वांड बघितलं मी. दोन वर्सं घरात कुनी त्याला शानं म्हनलं नव्हतं. म्हनलं, ऐकलं की, सगळं ऐकलं. उड्या मारत गेला.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मग त्यो गावभर सांगत सुटला, अक्कलकोटला ऐकू जातंय. मी काय बोलनार मग?”

“आणि इथं आल्यावर? पुकारा करताना?”

“तवर त्या गोष्टीला आट वर्सं झालती की. मलाबी वाटाया लागलं, असंल. आता सुदारलं असंल मशिन. सगळीच म्हनत व्हती.” तिनं हात पुढं करून त्याच्या डोक्यावर ठेवला. “तुजं आनि अक्कलकोटचं काय नातं हाय, हे आज तू इचारलंस तवा कळलं मला. मगा, लेकरा, तुझ्या आईनं ऐकलं न्हाय. ऐकू जानारच नव्हतं तिला.”

महेश्वरनं कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकवलं आणि तो रडला. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, ‘अळबेड, अळबेड’ म्हणत, रडू नको म्हणत, आणि स्वतः रडत. अक्षताला काय चाललंय ते अर्धवटच कळलं. ती माइकची वायर उगाच गुंडाळत राहिली.

गुरुराज दारात उभा होता. त्याला पहिल्यांदा फक्त एवढंच कळलं की आण्णांचं अक्कलकोट गेलं. त्याचा चेहरा उतरला, तो काहीतरी बोलणार होता. मग त्याच्या ध्यानात दुसरं आलं असावं, कारण तो बोलायचा थांबला. यात्रेतला भोंगा. पोलीस चौकी. आठवडाभर. त्यानं खिशातून पत्रिका काढली, वाचली, परत खिशात ठेवली, परत काढली. खालून धनलक्ष्मी हाका मारत होती, स्वामीजी आले. तो जिना उतरून गेला.

पादपूजा झाली, आशीर्वचन झालं. मांडवात शे-दीडशे माणूस होतं, नातेवाईक, पेठेतली जुनी माणसं, एका दैनिकाचा वार्ताहर. महेश्वर पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं का, उभं राहिलं तर काय बोलायचं, याचा त्याला अजून पत्ता नव्हता. आण्णांचा राग येत होता, आणि राग आला की आण्णा भरवत असलेला घास आठवत होता. एक माणूस एवढं प्रेम करतो आणि तोच नुसत्या फुशारकीपायी आपल्याला आपल्या आईपासून तोडतो, या दोन गोष्टी एका ताटात कशा वाढायच्या? राजेश्वरीनं त्याचा हात धरून ठेवला होता.

गुरुराज माइकपाशी गेला. त्यानं आण्णांचं सूत सांगितलं, वीज सांगितली, हैदराबादचा भंगार बाजार सांगितला. लोक हसले, टाळ्या पडल्या. आता ते वाक्य येणार म्हणून जुनी माणसं सावरून बसली.

“आमच्या आण्णांचं केंद्र,” गुरुराज म्हणाला. त्यानं पाणी घेतलं. “आमच्या आण्णांचं केंद्र जोतिरामच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचं. त्याच्या पुढं नाही.”

मांडवात कुजबुज झाली. मागून एका म्हाताऱ्यानं ओरडून दुरुस्ती केली, “अक्कलकोट! अक्कलकोट म्हणा की मालक!” दोघं-चौघं हसले. वार्ताहरानं मान वर करून विचारलं, नक्की काय लिहू? धनलक्ष्मी नवऱ्याकडं बघत राहिली, याला चक्कर आली की काय म्हणून.

गुरुराज त्यांच्यातल्या कुणाकडंच बघत नव्हता. तो पहिल्या रांगेकडं बघत होता.

“तम्मा,” तो भरल्या मांडवात धाकट्याला म्हणाला, “तुझ्या घरचे तुला शोधत असतील रे. त्यांना आम्ही कळवलंच नाही. गिरणीपर्यंत, लिहून घ्या. गिरणीपर्यंतच.”